साडेसात गुणांचा आवाज

सारंग देवस्थळीच्या दिवाणखान्यातला पूर्वेकडचा कोपरा गेली तीन वर्षं एका अँप्लिफायरच्या ताब्यात होता. उजेड, वारा आणि पंखा एकाच ठिकाणी मिळेल अशी घरातली ती एकमेव जागा. सिकंदराबादच्या एका बंद पडलेल्या क्लबाच्या अडगळीतून सारंगने ते धूड उचललं, तेव्हा चौघांनी मिळून ते जिन्यावरून वर चढवलं होतं. त्यातल्या एकाची कंबर थंडीत अजून दुखते.

"पन्नास वर्षांपूर्वीचा पीस आहे. असं आता कुणी बनवत नाही," सारंगने अभिमानाने सांगितलं होतं.

"का बनवत नाहीत ते दिसतंय की," त्याची बायको त्रिवेणी म्हणाली होती.

या तीन वर्षांत त्या यंत्राने मोजून तीनदा तोंड उघडलं. एकदा ते नुसतंच गुरगुरलं, एकदा रेडिओ न लावताच त्यातून तेलुगू बातम्या आल्या आणि एकदा धूर आला. एरवी सारंग त्याची आतडी सतरंजीवर पसरून बसलेला असे. त्याने जुने कपॅसिटर काढून नवे बसवले, मग नव्यांत आत्मा नाही असं वाटून पुन्हा जुने शोधत तो गावभर हिंडला. यंत्राच्या तोंडावर एक लाल दिवा होता, तो क्लबातच गेलेला. तसला दिवा आबिड्सला कुठल्याही दुकानात मिळतो. पण तो मूळ बनावटीचा नाही, म्हणून सारंगने ते भोक तसंच काळं ठेवलं. "खोटा दिवा लावण्यापेक्षा अंधार बरा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण सारंगला ते लवकरच महाग पडायचं होतं.

त्रिवेणी गात असे. विद्यानगरच्या एका बाईंकडे बारा वर्षं शिकली होती. लग्नानंतर तिचा रियाज झोपायच्या खोलीत, कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामधल्या फटीत, मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर चाले. दार लावून, कारण बाहेर सारंग यंत्राची खरखर कान देऊन ऐकत असायचा. आता कॉलनीतल्या पाचसहा आयांनी आपल्या मुलींना शिकवायची गळ घातली होती. इस्त्रीच्या टेबलाखाली क्लास भरवता येत नाही. त्रिवेणीला तो कोपरा हवा होता आणि तो तिने सरळ मागितला.

"रविवारी मंडळ ऐकायला येतंय ना तुझं? दहापैकी गुण देतात ना ते? सात मिळाले तर कोपरा तुझ्या मशीनला, मी पुन्हा नाव काढणार नाही. कमी मिळाले तर सोमवारपासून तिथे माझ्या मुली बसतील."

"सात?" सारंग हसला. "नऊच्या खाली आलं तर मी ते भंगारात देईन."

मंडळ म्हणजे शुद्धश्रवण मंडळ. पुण्यामुंबईहून नोकरीसाठी हैदराबादेत आलेले आणि इथला रस्ता, पाणी, वरण, मराठी यांतलं काहीच शुद्ध नाही अशी खात्री पटलेले काही सज्जन महिन्यातून एकदा एकेकाच्या घरी जमत. बँकेतून निवृत्त झालेले नामदेवराव अध्यक्ष. पडदे ओढायचे, तबकडी लागली की डोळे मिटायचे आणि ती संपेपर्यंत उघडायचे नाहीत. मग ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाने यंत्रावर बोलायचं. गाण्याविषयी बोलणं मंडळात हलकं समजलं जाई. "गाणं काय, कुणीही गातं," नामदेवराव म्हणत. आणि शेवटचा नियम असा, की थंड यंत्र मंडळ ऐकत नाही. ते निदान तीन दिवस सतत चालू ठेवून तापवलेलं हवं.

त्यामुळे सारंगने गुरुवारीच बटण दाबलं. हा अँप्लिफायर अशा जातीचा, की गाणं लागो न लागो, भट्टीसारखा तापत राहतो. "याला कुणी हात लावायचा नाही," असं घरभर बजावून तो ऑफिसला गेला.

घरभर म्हणजे त्रिवेणी आणि तिचे वडील हिम्मतराव. उस्मानगंजातलं बियाण्यांचं दुकान थोरल्या मुलाकडे सोपवून ते लेकीकडे राहायला आले होते. त्यांना जावयाविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती डिसेंबरविषयी. थंडीने दही लागत नव्हतं आणि दह्याशिवाय झालेल्या जेवणाला ते जेवण मानत नसत. गुरुवारी संध्याकाळी ते कोपऱ्याजवळून गेले, तेव्हा पायाला ऊब लागली. त्यांनी यंत्रावर तळहात ठेवून पाहिला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन विरजलेल्या दुधाचं पातेलं घेऊन आले. वर टॉवेल पांघरला. सकाळी सारंग उठायच्या आत पातेलं पुन्हा ओट्यावर.

"मामा, दही काय सुरेख लागलंय! सुरीने कापावं असं," शुक्रवारी जेवताना सारंग म्हणाला.

"हौ ना जी. जागा चांगली घावली," हिम्मतराव म्हणाले.

शनिवारीही तसंच झालं. रविवारी सकाळी मात्र पाहुण्यांनाही पुरेल एवढं दही झालं, म्हणून हिम्मतरावांनी पातेलं उचललं आणि भिंतीवरचं बटणही बंद केलं. दही लागल्यावर चूल चालू ठेवायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

मंडळ अकराला आलं. नामदेवराव, आयटीतला तरुण अमेय, आणि सगळ्याला मान डोलावणारे दोघे. सारंगने यंत्रावर हात ठेवून पाहिला. ते अजून चांगलं कोमट होतं. लाल दिवा असता तर तो विझलेला दिसला असता. पण तिथे अंधारच होता आणि तो मूळ बनावटीचा होता.

"तबकडी कुठली?" नामदेवरावांनी विचारलं.

"आबिड्सच्या फुटपाथवर मिळाली. लेबल निघून गेलंय. दुकानदार म्हणाला, कुणी बाई आहेत, पण रेकॉर्डिंग अप्रतिम आहे. मीही अजून ऐकली नाहीये. मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवली."

पडदे ओढले गेले. टर्नटेबलचा प्लग वेगळा असल्यामुळे तबकडी झोकात फिरू लागली. सारंगने सुई ठेवली, आवाजाची कळ थोडी उजवीकडे केली आणि डोळे मिटले. पाचही जण डोळे मिटून बसले. काहीच ऐकू येईना. पण नियम म्हणजे नियम, डोळे कुणी उघडले नाहीत.

हिम्मतरावांनी स्वयंपाकघरातून डोकावून हा देखावा पाहिला आणि मागच्या बाजूने लेकीच्या खोलीत गेले. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळात तिचं गाणं होतं, तरी नवऱ्याची बैठक मोडू नये म्हणून ती बिचारी वही उघडून गप्प बसली होती.

"तू गा गं माय. तिकडं काय बी लागलं नाही. डोळे मिटून बसलेत सगळे. ध्यान करायलेत वाटतं."

"ध्यान? मग माझा त्रास नाही होणार?"

"दारावर पडदा हाय ना. हळू गा."

खोलीचं दार डाव्या स्पीकरच्या बरोबर मागे होतं. आधी तानपुरा ऐकू आला. मग एका बाईंचा स्वच्छ, भरलेला षड्ज आला आणि तोडीचे सूर एकामागून एक सावकाश उलगडत गेले. सारंगची खात्री पटली, तीन वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. त्याच्या मिटल्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज अजून खुलावा म्हणून त्याने चाचपडत कळ आणखी उजवीकडे फिरवली आणि त्याच वेळी बाईंनी तारसप्तकाला हात घातला. नामदेवरावांनी समाधानाने हुंकार दिला. कळ गुळगुळीत फिरते, हे त्यांनी टिपून ठेवलं.

मध्येच गाणं थांबलं आणि बाई म्हणाल्या, "बाबा, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

मंडळात कुजबुज झाली. नामदेवरावांनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर केला. "बैठकीतलं रेकॉर्डिंग आहे. पूर्वी घरगुती मैफली अशाच असत. कुकर किती स्पष्ट आलाय पाहा."

गाणं पुन्हा सुरू झालं. पण नामदेवरावांना जेवायला घरी जायचं होतं. तबकडी संपायची वाट न पाहता, डोळे न उघडताच त्यांनी निकाल द्यायला घेतला.

"आवाज पूर्ण डावीकडे झुकलाय. उजवं चॅनेल जवळपास मेलेलं आहे. वरच्या सुरांत जरा कोरडेपणा. आणि मुख्य म्हणजे जिवंतपणा कमी पडतो. समोर माणूस गातंय असं वाटायला हवं, ते नाही वाटत."

"ॲग्री," अमेय म्हणाला. "व्होकल थोडा पातळ आहे. कपॅसिटर बदलले तर बाई नक्की सुधारतील."

मान डोलावणाऱ्या दोघांनी माना डोलावल्या. मिटल्या डोळ्यांमुळे त्या कुणाला दिसल्या नाहीत.

"मलाही तेच वाटत होतं," सारंग घाईने म्हणाला. "बाईंचा आवाज मुळातच जरा घरगुती आहे. यंत्राने बराच सावरून घेतलाय."

"तरी एकंदरीत साडेसात," नामदेवराव म्हणाले. "मंडळाच्या इतिहासात एवढे क्वचितच दिलेत."

सारंग उडालाच. "त्रिवेणी!" तो आनंदाने ओरडला. "साडेसात! ऐकलंस का? साडेसात!"

गाणं थांबलं. पडदा सरकला आणि त्रिवेणी बाहेर आली. हातात मोबाइल, त्यावर तानपुरा चालूच. तिच्याबरोबर तोही खोलीच्या मधोमध आला.

"आता पाहा," नामदेवराव डोळे मिटूनच म्हणाले, "आता बरोबर मध्यभागी आला."

सारंगचे डोळे मात्र उघडे होते. त्याने बायकोकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, मुकाट्याने फिरणाऱ्या तबकडीकडे पाहिलं. तेवढ्यात हिम्मतराव दह्याच्या वाट्या घेऊन आले.

"घ्या जी सगळ्यांनी. मशीनवर लागलेलं दही हाय."

"मशीनवर?" सारंगचा आवाज फाटला.

"हौ. चांगलं गरम राहतंय ना ते. सकाळी दही लागलं, मग मी बटण बंद केलो. कायकू करंट जाळायचा?"

 त्रिवेणीने तानपुरा बंद केला.

"मी गात होते, सारंग," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली आपल्या लग्नाला. यांना नाही कळलं, ठीक आहे, हे परके. तुलाही माझा आवाज कळला नाही?"

सारंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दाराला पडदा होता ना..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि ते निघालं नसतं तर बरं झालं असतं. आपल्याला वाईट वाटतंय, हे सांगायलाही त्याला शब्द सापडेनात. तीन वर्षं त्याला फक्त यंत्राचे सुटे भाग सापडत आले होते.

"मग आता मशीन लावून बघू या का?" अमेयने मध्येच विचारलं.

"थंड यंत्र मंडळ ऐकत नाही," नामदेवराव उठत म्हणाले.

"आणि ते गुण?" त्रिवेणीने विचारलं.

एखाद्याने इथे चूक कबूल केली असती. पण नामदेवरावांनी बँकेत छत्तीस वर्षं काढली होती. "दिलेले गुण मंडळ मागे घेत नाही," ते म्हणाले. "साडेसात म्हणजे साडेसात."

"सातच हवे होते," त्रिवेणी नवऱ्याकडे वळून म्हणाली. "अर्धा जास्तच मिळाला मला. उद्यापासून कोपरा माझा."

संध्याकाळी सारंग महाराष्ट्र मंडळात पहिल्या रांगेत बसला. डोळे मोठ्या निग्रहाने उघडे ठेवले. गाणं संपल्यावर त्याला खरंच भरून आलं आणि पुष्कळ काही बोलायचं होतं. "कसं झालं?" असं त्रिवेणीने विचारल्यावर तो म्हणाला, "फार सुंदर. फक्त हॉलचा डावा स्पीकर..."

सोमवारी तो ऑफिसातून आला, तेव्हा कोपऱ्यात सतरंजी होती, तिच्यावर सहा मुली होत्या आणि सहा वेगवेगळे षड्ज चालले होते. अँप्लिफायर स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी होता. ज्याला वर आणायला चौघं लागले होते, तो बापलेकीने दोघांतच आत ढकलला होता. त्यावर टॉवेल पांघरलेलं पातेलं होतं. सारंगने तक्रार केली नाही. करायला तोंड उरलं नव्हतं.

"जावईबापू, थंडी लई हाय. आत्तापासून लावू का मशीन?" हिम्मतरावांनी विचारलं.

सारंगने यंत्रावर हात ठेवून पाहिला. "लावा. पण दूध एकदम ठेवू नका, मामा. आधी तासभर नुसतं तापू द्या."

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने दह्याचा पहिला घास घेतला, डोळे मिटले, मान किंचित डावीकडे कलती केली आणि म्हणाला, "उबदार आहे. पण मध्यभाग जरासा..."

"सारंग," कोपऱ्यातून त्रिवेणीचा आवाज आला, "डोळे उघडून जेव."

या वेळी तो आवाज कुणाचा, हे त्याने ताबडतोब ओळखलं.