थोरल्यांनी मरण पुढं ढकललं

"माझं निवृत्त होणं रद्द!" चष्म्याच्या दुकानाचं शटर वर जाताच थोरल्यांनी जाहीर केलं आणि ते आपल्या फिरत्या खुर्चीत ऐसपैस बसले. "मी आता एकशेवीस वर्षं जगणार आहे."

धाकटे स्टुलावर बसून एका चष्म्याच्या काडीत स्क्रू बसवत होते. स्क्रू टणकन उडाला आणि काउंटरखाली नाहीसा झाला. धाकट्यांचं वय एकसष्ट. दुकानात लागल्यापासून ते त्याच स्टुलावर होते. गिऱ्हाइकं त्यांना 'धाकटे' म्हणत आणि वडील, म्हणजे थोरले, 'बाळ'. शहाऐंशी वर्षांचे थोरले पुढच्या महिन्यात खुर्ची सोडणार असं ठरलं होतं, आणि धाकटे रोज मनातल्या मनात त्या खुर्चीत बसून एक गिरकी घेत होते.

"कुणी भरवलं हे तुमच्या डोक्यात?"

"काल वाचनालयात व्याख्यान होतं. मोठा विद्वान माणूस! म्हणाला, म्हातारपण हा एक आजार आहे. आणि आजार म्हटला की औषध आलंच."

"सापडलं का औषध?"

"शोधताहेत. सापडेपर्यंत टिकून राहायचं, एवढंच आपलं काम. जेवण निम्मं आणि रोज सकाळी बर्फाच्या पाण्यात बैठक."

धाकट्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो बाबा, पण हे न्यायाचं आहे का? सगळेच एकशेवीस वर्षं जागा अडवून बसले, तर मागून आलेल्यांनी बसायचं कुठं?"

"स्टुलावर," थोरले म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

घर दुकानाच्या मागंच होतं. दुपारी जेवताना धाकट्यांनी बायकोसमोर सगळा राग ओकला.

"अजून चौतीस वर्षं! तोवर मी पंचाण्णवचा होईन. मला खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतील. या विद्वानांना काय जातंय बोलायला? आयुष्य वाढवा म्हणे! अरे, वाढवा, पण ज्यांचं आयुष्य वाट बघण्यात चाललंय त्यांना एकदा विचाराल की नाही?"

"मग मामंजींनी मरावं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे छे! असं कोण म्हणतंय?"

"मग काय म्हणायचंय?"

धाकट्यांनी आमटीचा भुरका मारला. वडील त्यांना हवे होते, शंभर वर्षंही हवे होते. फक्त खुर्चीत नको होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडामधुडूम आवाजानं त्यांना जाग आली. न्हाणीघरात निळं प्लॅस्टिकचं पिंप काठोकाठ भरलं होतं, त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते, आणि कमरेला टॉवेल गुंडाळलेले थोरले एक पाय उचलून उभे होते.

"बाबा! हृदय बंद पडेल!"

"पडू नये म्हणूनच बसतोय."

"थांबा!" धाकटे ओरडले. "आधी मी बसून दाखवतो. मिनिटभरात कळेल तुम्हाला, हा काय चावटपणा आहे ते."

रागाच्या भरात ते बनियनसकट पिंपात उतरले. पाणी भसकन बाहेर उसळलं आणि धाकट्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की रस्त्यावरचं कुत्रं दचकून भुंकायला लागलं.

"कळलं?" दातांचा खडखडाट आवरत ते म्हणाले. "आता मी बाहेर येतो."

पण येता येईना. गुडघे हनुवटीला टेकलेले, पोट मांड्यांत गच्च अडकलेलं आणि कंबरेत उसण भरलेली. थोरल्यांनी काखेत हात घालून ओढलं. बायकोनं साबण लावून ओढलं. पिंपच उचललं जाऊ लागलं, धाकटे काही सुटेनात.

"कुणाला तरी बोलवा!" धाकटे कळवळले. "पण ओळखीचं नको!"

शेजारचा सुतार आला. त्यानं पिंपाला एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "आडवं करा. पाणी जाईल, माणूस सैल होईल."

पाणी गेलं, पण माणूस सैल झाला नाही. न्हाणीघरापासून दुकानापर्यंतच्या बोळाला उतार होता, फरशी साबणानं बुळबुळीत झाली होती, आणि सुताराचा हात सुटला. पिंप धाकट्यांना घेऊन गडगडत निघालं आणि थेट दुकानात जाऊन काउंटरला धडकलं.

सुतारासाठी उघडलेल्या शटरमधून आत आलेल्या एक निवृत्त मास्तरीणबाई तिथं उभ्या होत्या. आपला चष्मा त्यांनी नुकताच काउंटरवर काढून ठेवला होता. डोळे बारीक करून त्यांनी खाली पाहिलं.

"हे काय आलं हो?"

"काही नाही बाई," मागून धापा टाकत आलेले थोरले म्हणाले, "आमचा बाळ आहे."

"अगंबाई! केवढा झाला!" बाई कौतुकानं म्हणाल्या.

शेवटी सुतारानं करवत आणली. "हलू नका हं. प्लॅस्टिक कुठं संपतं ते नीट कळत नाहीये," असा धीर देत त्यानं पिंप उभं कापलं आणि धाकटे वाटाण्यासारखे बाहेर आले.

डॉक्टर आले ते सवयीनं थोरल्यांकडेच वळले. त्यांचं ब्लडप्रेशर बघून झाल्यावर खरा पेशंट पलंगावर आहे असं त्यांना कळलं.

"आजोबा, तुम्ही ठणठणीत आहात. यांचं मात्र ब्लडप्रेशर, साखर, कंबर, काहीच जागेवर नाही. अंथरुणातून उठायचं नाही, आणि चिडायचं तर अजिबात नाही."

"मी चिडत नाही!" धाकटे किंचाळले.

संध्याकाळी थोरले पलंगाशी येऊन बसले. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला. धाकट्यांना गलबलून आलं. वाटलं, बाप तो बापच. चूक कळली वाटतं.

"बाळ, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा ना, बाबा."

"तुझ्या माघारी दुकानाचं कसं होणार?"

धाकट्यांनी हात सोडवून घेतला.

"नाही, मला अजून चौतीस वर्षं काढायची आहेत," थोरले काळजीच्या सुरात म्हणाले. "तुझा काही भरवसा राहिला नाही. म्हणून मी तुझ्या लेकीला फोन केला. डोळे तपासायचं शिकलीय पोरगी, परगावी नोकरीत कुजतेय. येते म्हणाली. आतापासून हाताखाली घेतली, तर तुझ्यानंतर अडणार नाही." आणि मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून ते हलक्या पावलांनी निघून गेले.

बायको औषध घेऊन आली, तेव्हा धाकट्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कंबर बरी झाली की मला रोज पहाटे फिरायला उठवायचं," ते गरजले.

"तुम्हाला? पहाटे?"

"मला शहाण्णव वर्षं जगायचंय! एक वर्ष का होईना, मी मालक होणार म्हणजे होणार!"

"आणि मग?"

"मग काय, सगळं पोरीच्या हवाली करून मोकळा."

बायकोनं औषधाचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.

"आपल्या लग्नात मामंजीही हेच म्हणाले होते," ती म्हणाली. "आ करा."