शेवंताबाईंना वाघ बघायचा होता

एका जंगलात बाराही महिने इतका पाऊस पडायचा, की माकडंसुद्धा शेपूट पिळूनच घरात शिरायची. तिथे नदीकाठी बाबल साळिंदराचं लॉज होतं. लॉज म्हणजे काय, बाळांनो? डास, गळकं छप्पर आणि गार पाणी घरी फुकट मिळतं. तिथे त्यासाठी आधी बुकिंग करावं लागतं.

एकदा गावाकडून शेवंताबाई शेळी तिथे उतरल्या. बरोबर छत्री आणि मेथीच्या लाडवांचा हा एवढा डबा. पायाला जळू चिकटली तर म्हणाल्या, "पिऊ दे गं बाई, तीही कुणाची तरी लेकच!"

चहा पिता पिता त्यांनी विषय काढला. "बाबलभाऊ, वाघ कधी दाखवताय?"

बाबलचे काटे ताठ झाले. "बाई, तुम्ही? वाघ?"

"मग! शेजारची मेंढी नुसतं हरीण बघून आली, तर वर्षभर आमचं डोकं खाल्लंन. मी वाघ बघितल्याशिवाय हलायची नाही."

बाई भली. तिचं काही बरंवाईट झालं तर लॉजवर पुन्हा कुत्रंही फिरकायचं नाही. उद्या सकाळच्या होडीत बसवून तिला घरी पाठवायचं, असं बाबलने ठरवलं.

पण संध्याकाळीच नदी पोहून वाघ आला. भुकेने डोळे खोल गेलेले. सरळ ओसरीवर.

"बाई, आत पळा!" बाबल ओरडला.

"पळू कशी? दारात पाहुणा आलाय. या हो, या! किती भिजलात!"

"मी तुला खाणार आहे," वाघ म्हणाला.

"आधी लाडू घ्या."

"मी लाडू खात नाही."

"आमचे हेसुद्धा असंच म्हणायचे."

वाघाने डरकाळी फोडायला जबडा उघडला. बाईंनी लाडू आत ठेवला. वाघाने 'नको' म्हणायला जबडा उघडला. दुसरा आत.

"हा माझ्या नावाचा. हा बाबलभाऊंच्या नावाचा. हा राहिला तर मला झोप लागायची नाही हं!"

मेथी कडू. गूळ बेताचा. वाघाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, आईची आठवण झाली!" म्हणत बाईंनी आणखी एक कोंबला.

वाघाने कसंबसं नदीत अंग टाकलं. पोट वर करून तो वाहत निघाला. बाई काठाकाठाने धावल्या. "अहो, मुलांना तरी न्या!"

ते ऐकून वाघ जिवाच्या आकांताने हातपाय मारायला लागला. तो पुन्हा त्या जंगलात दिसला नाही.

बाबलला हायसं वाटलं. एवढ्यात बाई वळल्या. "बाबलभाऊ, तुम्ही अजून काहीच घेतलं नाहीत!"

तात्पर्य: मुलांनो, भूक कितीही लागली तरी प्रेमळ बाईला खायला जाऊ नये. आपल्यालाच खावं लागतं.