सहा आठवडे प्लास्टर

मुलगा आंघोळीला गेला तेव्हा त्याचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडाच होता, आणि शेजारी बसून सिस्टर शेंगा सोलत होत्या. हाडांच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. पडद्यावर ठळक लिहिलं होतं : 'पाय मोडल्यास हिरवी बाटली पाजा. शिपाई तीन सेकंदांत धावू लागतो.'

सिस्टरांच्या हातातली शेंग हातातच राहिली. बाजूला 'दुरुस्ती करा' असं बटण होतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि दुरुस्ती केली. 'हिरवी बाटली देऊ नये. किमान सहा आठवडे प्लास्टर. पायावर भार नको.'

ते पान एका व्हिडिओ गेमचं होतं. साइट खेळणाऱ्यांनीच मिळून चालवलेली. गेमची परीक्षणं लिहायची, युक्त्या नोंदवायच्या, एकमेकांच्या चुका सुधारायच्या. मुलगा तिथला मुख्य संपादक. दुरुस्ती त्याच्याच नावावर पडली, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

दुपारी स्पर्धा होती. मुलाचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला होता. ऐन किल्ल्याच्या दारात शिपायाचा पाय मोडला. जोडीदाराने घाईघाईने ते पान उघडलं.

"बाटली फेकून दिली रे," त्याचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"फेकली? का?"

"तूच लिहिलंयस की! झोपवलंय त्याला. सहा आठवडे म्हणजे गेममधले किती?"

तोवर समोरच्या संघाने किल्ला घेतलासुद्धा.

मुलगा तणतणत बाहेर आला. "आई, माझ्या लॅपटॉपला हात लावलास?"

"दुरुस्ती करा म्हणून लिहिलं होतं. केली."

"अगं, ते खोटं जग आहे!"

"खोट्या जगात हाडं मोडतात ना? मग जुळायलाही वेळ लागणारच."

साइटवर नुसता गदारोळ. 'गेम बरा, पण विश्रांती फार' म्हणून लोक एकेक तारा देऊ लागले. मुलगा माफीनामा लिहायला बसला, तर पानाखाली एक निरोप आलेला : 'माझा पाय खरोखर प्लास्टरमध्ये आहे. तिसरा आठवडा. खाज सोसवेना, म्हणून उद्या घरीच कापून काढणार होतो. हे वाचून थांबलो. खाजेचं काय करू?'

मुलाने तो निरोप दोनदा वाचला. मग शेजारची खुर्ची ओढली. "आई, जरा इकडे ये."

"आत पट्टीबिट्टी घालून खाजवू नकोस म्हणावं," सिस्टर सांगत गेल्या आणि तो टाइप करत गेला. "गार वारा घे. बोटं बधिर झाली किंवा आतून वास आला, तर तडक डॉक्टर गाठ."

हिरवी बाटली पानावर परतली, पण सिस्टरांसाठी एक वेगळं पान निघालं : 'खेळणाऱ्यांची दुखणी'. आठवड्याभरात अंगठे, मनगटं, डोळे यांची रांग लागली. सकाळचा चहा झाला की सिस्टर ओपीडीत बसावं तशा ऐसपैस बसत. साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच, ही गोष्ट मुख्य संपादक घरात बोलत नसत.

एका दुपारी बिननावाचा प्रश्न आला : 'आठ दिवस मान वळत नाही. काही औशध सांगा. घरी कळू द्यायचं नाहीये.'

चौथीपासून 'औशध' असं लिहिणारा माणूस सिस्टरांच्या माहितीत एकच होता. त्यांनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि सावकाश उत्तर लिहिलं : 'औषध नको. पडदा डोळ्यांच्या रेषेत ठेवा, अर्ध्या तासाने उठत जा. आणि बाहेर या, शेकायची पिशवी भरते आहे.'

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. मान जराही न हलवता, अख्ख्या अंगानेच वळत मुख्य संपादक बाहेर आले.