द्रेनोवित्सातल्या पुरुषांना येणाऱ्या वाफा

बाईमाणसाचे सगळे आजार तीनच कारणांनी होतात: वाऱ्याचा झोत, थंड दगड आणि वय. वैद्यकशास्त्र जाडजाड ग्रंथ लिहूनही अजून इथवर पोचायचं आहे. आमच्या द्रेनोवित्साच्या आरोग्य केंद्रात मात्र याबद्दल कधीच दुमत नव्हतं. मी विदोये. केंद्राच्या खिडकी क्रमांक एकवर सव्वीस वर्षं बसतोय. आधी मी विचारतो, मग पेशंट आत जातो, त्यामुळे निम्मं निदान माझ्याकडेच उरकतं असं म्हटलं तर ती बढाई होऊ नये. (डॉक्टर रादिसाव असं म्हणत नाहीत, पण ते एकूणच कमी बोलतात.)

पद्धत सोपी आहे. तेरा वर्षांची मुलगी पोट धरून आली, की विचारायचं, कुठे बसली होतीस? शाळेच्या पायरीवर. झालं, थंड दगड. लग्न झालं की थांबेल. पंचविशीतली आली तर मूल झालं की थांबेल. मूल झाल्यावर आली तर मूल झाल्यामुळेच होतंय, त्याला आता कोण काय करणार? चाळिशीतलीला विचारायचं, घरात दोन खिडक्या समोरासमोर उघड्या होत्या का? (होत्याच. घराला खिडक्या असतात.) पन्नाशीनंतर वय लागतं आणि मग काही विचारावंच लागत नाही. सत्तरीच्या बाईला डॉक्टरसाहेब खुर्चीत बसवून प्रेमाने म्हणतात, "या वयात आणखी काय व्हायला हवं होतं, आजी?" आणि आजी काठी घेऊन उठते. प्रत्येकीला सरासरी चार मिनिटं लागतात. एवढं जलद काम आसपासच्या कुठल्याही गावात होत नाही.

पुरुषांचं वेगळं. पुरुष मुळात येतच नाही, आणि आला तर त्याला खरोखरच काहीतरी झालेलं असणार, असं आमचं शास्त्र सांगतं. म्हणून त्याचं रक्त, लघवी, कार्डिओग्राम, सगळं बघतात.

हा फरक पहिल्यांदा आमच्या शेजारच्या कोसाराच्या लक्षात आला. तिला जिना चढताना धाप लागायची. तिने दोनदा सांगून पाहिलं, दोन्ही वेळा दगड निघाला. तिसऱ्या वेळी तिने खिडकीत नवऱ्याचं कार्ड सरकवलं. म्हणाली, त्याला धाप लागते, पण तो कामावर गेलाय, म्हणून मीच त्याची लक्षणं घेऊन आलेय. नवऱ्यासाठी बायकोने येणं आमच्याकडे रीतीला धरूनच आहे. डॉक्टरसाहेबांनी वीस मिनिटं विचारपूस केली, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जड उचलायला मनाई केली. महिन्याभरात कोसाराची धाप गेली. नवरा होता तसाच राहिला.

मग काय, गावभर झालं. गेल्या वर्षीच्या नोंदवहीनुसार (ती मीच ठेवतो, तेव्हा शंका नको) गावातल्या चारशे बारा विवाहित पुरुषांपैकी एकशे सदतीस जणांना अंगातून अचानक गरम वाफा येत होत्या, एक्क्याण्णव जणांना शिंकताना पाय आवळावे लागत होते, आणि लाकूडतोड्या ब्लागोये, वजन एकशे वीस किलो, याची पाळी दोन महिने चुकली होती. डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि त्याला विश्रांती लिहून दिली. अविवाहितांत असा एकही रुग्ण नव्हता. यावरून लग्न हे पुरुषाच्या प्रकृतीला घातक असतं, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो बेलग्रेडला कळवला.

बेलग्रेडहून तीन तज्ज्ञांची समिती आली. तिने भाजलेलं कोकरू खाल्लं, वही पाहिली आणि बाब गंभीर असल्याचं जाहीर केलं. बायकांच्या तपासणीची खोली रिकामी करून तिथे पुरुष वाफा विभाग उघडला. दोन पंखे आले. खिडक्याही उघडल्या, समोरासमोर. (पुरुषांना वारा बाधत नाही.) विभागात अजून एकही पुरुष आलेला नाही, पण लक्षणं रोज येतात.

माझी बायको स्टामेंका या भानगडीत कधी पडली नाही. एक तर तिला खोटं बोललेलं खपत नाही, आणि खिडकीत मीच बसलेला. वसंतात एकदा म्हणाली होती, विहिरीवरून येताना दमायला होतं, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. तिचं वय अठ्ठावन्न. मी तिला लोकरीचं जाकीट आणून दिलं. माझ्या मते मी कर्तव्यात कसूर केली नव्हती.

सप्टेंबरातला रविवार होता. स्टामेंका सकाळपासून अंगणात आयवार, म्हणजे हिवाळ्यासाठीची मिरच्यांची चटणी, ढवळत होती. वीस किलो लाल मिरच्या भाजून, सोलून, वाटून पातेल्यात घातल्या की चार तास हात थांबवायचा नसतो, नाहीतर तळाला लागतं. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. ती छातीबद्दल काहीतरी म्हणाली. मी "हं" म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, आता जबडाही दुखतोय आणि मळमळतंय. मी पेपर खाली न घेता विचारलं, तळघराचं दार उघडं आहे का? उघडं होतं. मग मी तिला गळ्याला रुमाल बांधायला सांगितलं आणि पुढचं पान उलटलं.

तिने ढवळता ढवळताच एप्रनमधून फोन काढला आणि खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला.

"माझ्या नवऱ्याच्या छातीत दाब आलाय," ती म्हणाली. "डावा हात, जबडा, दरदरून घाम. एकसष्ट वर्षांचा आहे. नाही, बोलत नाहीये काही. पेपर वाचतोय."

मी म्हटलं, अगं, मला काही झालेलं नाही.

"ते त्यांना सांग," ती म्हणाली.

सहा मिनिटांत गाडी आली. दोन धट्टेकट्टे मदतनीस उतरले आणि त्यांनी मला स्ट्रेचरवर आडवं केलं. मला काही झालेलं नाही असं मी सांगितलं, तर म्हणाले, सगळे पुरुष असंच म्हणतात, तेच तर लक्षण आहे. हा नियम मला ठाऊक असल्याने मी वाद घातला नाही. स्टामेंकाने पळी धावत आलेल्या कोसाराच्या हातात दिली, माझा पायजमा आणि सपाता पिशवीत भरल्या आणि पिशवी घेऊन स्ट्रेचरमागून चालू लागली. केंद्राच्या दारात तिला भोवळ आली म्हणून ती पायरीवर टेकली, तेव्हा एका मदतनिसाने तिला थंड दगडावर बसू नका म्हणून बजावलं.

डॉक्टर रादिसाव जेवणावरून उठून आले होते. माझा कार्डिओग्राम उत्तम निघाला. त्यांना जरा वाईटच वाटलं. स्टामेंका भिंतीला टेकून उभी होती, तोंड राखेसारखं झालेलं.

"डॉक्टरसाहेब, यंत्र लावलेलंच आहे," ती म्हणाली, "तर माझ्या नवऱ्याचं आणखी एकदा काढा. या खेपेला मी आडवी होते."

डॉक्टरसाहेब कंटाळले होते, म्हणून हो म्हणाले. यंत्रातून पट्टी बाहेर आली. त्यांनी खिडकीबद्दल काही विचारलं नाही, वयाबद्दलही नाही. सव्वीस वर्षांत मी अशा पट्ट्या शेकड्यांनी फायलीत लावल्यात, पण त्या मला वाचता येत नाहीत. डॉक्टरांचा चेहरा मात्र वाचता आला. मी घाबरलो, एवढा की स्ट्रेचरवरून उतरून तिला जागा द्यायचंही सुचलं नाही. तिनेच मला बाजूला केलं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात तिची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. आणखी अर्धा तास गेला असता तर काही करता आलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो. आयवार छान झालं, कोसाराने तळाला लागू दिलं नाही.

रुग्णवाहिकेसाठी केलेला फोन माझ्या नावाने नोंदवलेला असल्याने हृदयविकाराचा झटका कागदोपत्री मलाच आलेला आहे. सहा आठवड्यांची विश्रांतीही मला. ती बायकोच्या नावे करावी असा अर्ज मी दिलाय, उत्तर यायचंय. तोवर ती पलंगावर असते आणि मी बिनमिठाचं सूप शिजवतो. ते वाईट होतं, तरी ती वाडगा संपवते. भेटायला येणारे माझ्यासाठी संत्री आणतात आणि तिला म्हणतात, बिचारी, केवढी काळजी पडली असेल तुला, जरा कॉफी टाकतेस का? मी कॉफी करायला उठलो, की तिघं मिळून मला खांदे धरून खाली बसवतात.

या अनुभवातून मी कामात एक सुधारणा करायचं ठरवलंय. खिडकीवर परत रुजू झालो, की कोणतीही बाई आली तरी पहिला प्रश्न विचारणार: नवऱ्याला काय होतंय?

बाकी तुम्ही हे सगळं एका बैठकीत, शांतपणे वाचलंत, आभारी आहे. मध्ये एकदा आतून कोणीतरी काहीतरी म्हणालं होतं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. मीही एवढंच म्हणालो होतो.