आण्णाची डावी मागची स्प्रिंग

रागाच्या भरात माणसानं ताट आपटावं, दार आदळावं, फार तर गावाला निघून जावं. टायर बदलू नयेत. मी बदलले.

राग आला होता सिद्धाप्पा पावण्यांचा. सिद्धाप्पा म्हणजे माझ्या वहिनीचे थोरले भाऊ, आजऱ्याला त्यांचा काजूचा कारखाना आहे. ते आले, बसले, चहा प्याले आणि दारात उभ्या असलेल्या आण्णाच्या झेनकडं बघून वहिनीला म्हणाले, "शिवलीला, ही गाडी नुसती उभीच हाय की. मी नेतो. काजूची पोती इकडंतिकडं न्यायला बरी पडंल."

काजूची पोती! आण्णाच्या गाडीत!

आण्णा म्हणजे मृत्युंजय, माझा थोरला भाऊ. आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. संक्रांतीच्या आधी एका सकाळी तो दुकान उघडायला गेला, आणि शटर अर्धंच वर गेलं. त्यापुढचं मला सांगता येत नाही. आणि ही गोष्ट टायरची आहे.

कोल्हापुरात प्रत्येकाला एक तरी नाद असतो. कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला म्हशी पळवायचा. आण्णाला ऑटोक्रॉसचा होता. मोकळ्या माळावर प्लास्टिकचे लाल कोन मांडतात, त्यांच्यामधून एकेका गाडीनं वेडीवाकडी वळणं घेत पळायचं, आणि बाहेर घड्याळ लावलेलं असतं. कोन पडला की वेळेत दंड. आण्णा कोनाच्या इतक्या जवळून वळायचा की कोनच बिचारा अंग चोरून घेत असेल. पण पाडला कधीच नाही. त्यानं जिंकलेले कप आमच्या घरात इतके झाले, की अव्वा, म्हणजे आमची आई, त्यांत चमचे, झारे आणि फोडणीच्या लाल मिरच्या ठेवते.

तर पावणे पोती म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघालं, "गाडी कुठं जायची न्हाय! येत्या रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवर माळाला ऑटोक्रॉस हाय. मी चालवणार!"

(हे मलाही तेव्हाच कळलं.)

अव्वानं जपाची माळ खाली ठेवली. वहिनी माझ्याकडं बघत राहिली. आण्णा गेल्यापासून ती कुणाकडं फार वेळ बघत नव्हती.

"भावजी, तुमी दुकानातला टेम्पो चालवता."

"टेम्पोला काय, चाकंच असत्यात न्हवं?"

"बरं," ती म्हणाली. "दोन फेऱ्या मिळत्यात. एक तरी फेरी कोन न पाडता पुरी करा. गाडी दारात ऱ्हाईल. न्हायतर दादा तिथनंच घेऊन जाईल. मला बी रोज ती नुसती उभी बघवंना झालीया."

झालं. आता जबाबदारी आली. शाळेनं मला नववीतच मोकळं केलं होतं, त्यामुळं शास्त्र मला येत होतं ते फक्त आण्णाकडं बघून. आणि बघत असताना मी बहुतेक वेळा काहीतरी खात असायचो.

दुसऱ्या दिवशी आम्ही टायर बघायला गेलो. आम्ही म्हणजे मी, माझा मित्र सयाजी, त्याचा चुलता, दुकानात सरकी पेंड न्यायला आलेला एक पैलवान आणि आणखी एक गृहस्थ. हे गृहस्थ शेवटपर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याचे पावणे वाटत होते. कोल्हापुरात एकट्यानं वस्तू घ्यायची पद्धत नाही.

हंबीररावांचं टायरचं दुकान आहे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "टायर चांगले हाईत की. मृत्युंजय हेच वापरायचा. अरुंद, जरा झिजलेले."

"झिजलेले?" मी म्हणालो. "रेसला?"

सयाजीच्या चुलत्यानं भिंतीला टेकवलेल्या एका जाडजूड टायरवर थाप मारली. म्हैस विकत घेताना पुठ्ठ्यावर मारतात तशी. "हे अंगानं बरं हाय."

पैलवान पुढं झाला. "बारक्या टायरवर मातीत टिकायचं कसं, पावणं? आखाड्यात उभं ऱ्हायचं तर पाय रुंद पायजेत. काडी पैलवानाला कुणी बी उचलतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अनोळखी गृहस्थांनी जरा जास्तच डोलावली. हंबीरराव एकदाच म्हणाले, "आरं, ती झेन हाय, ट्रॅक्टर न्हवं." पण आखाड्याच्या शास्त्रापुढं टायरवाल्याचं काय चालणार? चारी टायर बदलले. गाडी उंच झाली, छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मला तर भरून आलं.

आमच्या बोळात शिरेपर्यंत ते भरून आलेलं टिकलं. बोळाच्या तोंडाशी उजवीकडं वळायचं असतं. मी स्टिअरिंग फिरवलं, तेवढ्यात त्या रुंद टायरनं आतून मडगार्ड गच्च धरलं. गाडीनं वळायला सपशेल नकार दिला आणि सरळ गेली. समोर बाळाबाईनं साडी अंथरून उडदाचे पापड वाळत घातले होते.

बाळाबाई आमची शेजारीण. तिचा आवाज गंगावेशीत निघाला तर रंकाळ्यावर ऐकू येतो. ती धावत आली. "आरं ए मु—" आणि पुढचा शब्द तिनं गिळला. (आमच्या दारात तो शब्द सध्या कुणी वापरत नाही.) तिनं दम घेतला आणि जरा खालच्या पट्टीत म्हणाली, "आरं बाबा, ह्ये तुमच्याच घरचं पापड हुतं! दुःखाच्या वर्साला घरात लाटत न्हाईत, म्हणून मी तुमच्या वाट्याचं लाटलं, आणि तू त्यावरनं रणगाडा घातलास?"

संध्याकाळी अव्वानं त्यातला एक तळला, उजेडात धरला आणि म्हणाली, "नक्षी तर बरी उठलीया, तम्मा." (तम्मा म्हणजे मी, धाकटा.) वहिनीनं मात्र पापडाला हातही लावला नाही. "भावजी," ती म्हणाली, "त्यांचे टायर परत बसवून आणा."

मी मान खाली घालून हंबीररावांकडं गेलो. आण्णाचे चारी टायर आतल्या खोलीत कापड झाकून ठेवलेले होते.

"विकले न्हाईत?"

"विकायला कोण घेतंय?" हंबीरराव म्हणाले. "तुझा जोर उतरायची वाट बघत हुतो. मृत्युंजयनं हे टायर ह्या मातीसाठी निवडल्यात. बारका टायर भुसभुशीत माती कापून खालची कठीण जमीन धरतोय. हे मला त्यानंच सांगितलं."

टायरचा प्रश्न मिटला. सस्पेन्शन राहिलं. पण तिथं मी निवांत होतो, कारण आण्णाचं गुपित मला ठाऊक होतं.

लोक गाडीच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवतात, हे तुम्ही बघितलं असेल. जाड रबर असतं. त्यानं स्प्रिंग ताठ होते आणि गाडी तेवढ्या जागी उचलली जाते. लोक दोन्ही बाजूंना बसवतात. आण्णाच्या गाडीला एकच होता, मागं डावीकडं. त्यामुळं रिकामी झेन नेहमी उजवीकडं कललेली असायची, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यानं कान पुढं करावा तशी.

सयाजी म्हणाला, "हा काढूया की. तिरकी दिसतीया."

"हात लावशील तर बघ!" मी ओरडलो. "आरं, हेच तर सगळं हाय!"

मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आण्णा मागच्या सीटवर डावीकडं पेंडीची दोन पोती ठेवायचा, लांब जाऊन उकिडवा बसायचा, एक डोळा मिटून गाडीकडं बघायचा, मग येऊन बफर बदलायचा. असं किती वेळा केलं असेल! मी एकदा विचारलं, "हे काय आण्णा?" तो म्हणाला, "बॅलन्स," आणि हसत सुटला. मोठी माणसं आपली विद्या अशीच हसण्यावारी नेतात.

मीही दोन पोती ठेवली, उकिडवा बसलो, डोळा मिटला. गाडी एकदम सरळ! "बघ सयाजी," मी म्हणालो, "ह्याला तोल म्हणत्यात." आणि पोती उतरवली.

रविवारी माळावर गेलो, तर आण्णाची गाडी बघून माणसं गोळा झाली. मी गुपित सांगणार नव्हतो, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं. दोघातिघांनी गाडीखाली वाकून बफरचा फोटो काढला. एकजण लगेच आपला उजवा बफर काढायला धावला. वहिनी आणि अव्वा सिद्धाप्पा पावण्यांच्या गाडीतून मागाहून आल्या. पावण्यांनी झेन नेण्यासाठी एक ड्रायव्हरही बरोबर आणला होता. भरवसा बघा माझ्यावर.

पहिली फेरी सुरू झाली. डावीकडं वळवावी तर गाडी सरळ जायची. उजवीकडं वळवावी तर मागची बाजू पुढं काय चाललंय ते बघायला यायची. कोन पडत गेले. एक तर टपावर येऊन बसला. लाउडस्पीकरवर राजवीर नावाचा पोरगा बोलत होता. तो म्हणाला, "अमरेशराव, कोन गोळा करायला आमची माणसं हाईत. तुमी फक्त वळा!"

गाडी थांबवली तेव्हा वहिनी दोरीखालून वाकून आली. तिनं गाडीच्या मागं एकदा बघितलं.

"भावजी, बफर काढला न्हाई?"

"काढायचा कशाला? तेच तर आण्णाचं गुपित."

मग तिनं पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलायला लागले, आणि मी घाबरलो. आता हिला इथं कसं सावरायचं? पण ती हसत होती. संक्रांतीपासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी कसलं, ते तिचं तिला ठाऊक.

"गाडीत मागं डावीकडं कोण बसायचं?"

"मी."

"तुमी बसला की गाडी कुठं कलायची?"

मी माझ्या पोटाकडं बघितलं.

"स्पीडब्रेकरला तुमच्या बाजूचा टायर मडगार्डला घासायचा. म्हणून बफर. ती दोन पोती म्हणजे तुमी."

"आणि रेस?"

"इथं आलो की ते तुमाला कशाला पाठवायचे?"

"भजी आणायला."

"तेवढ्यात बफर काढायचे. रेस झाली की?"

"पुन्हा भजी आणायला. घरी न्यायला."

"तेवढ्यात घालायचे."

मला इतकी वर्षं वाटत होतं, आण्णाला भजी फार आवडतात.

"मला कधी सांगितलं न्हाय त्यानं."

"लाजंल म्हणायचे. मग गाडीत बसायचा न्हाय म्हणायचे."

मी गाडीखाली वाकलो आणि जरा वेळ तसाच राहिलो. स्प्रिंग बघत होतो, असं समजा.

वहिनीनं डिकीतून जॅक काढला, गाडी उचलली, डिकीतल्याच बाटलीतलं साबणाचं पाणी रबराला लावलं आणि बफर असा ओढून काढला, जशी कुकरच्या झाकणाची रिंग काढावी. "जावा आता," म्हणाली.

दुसरी फेरी. काय सांगू तुम्हाला! मी नुसतं वळायचं मनात आणलं की गाडी वळलेली असायची. डावं, उजवं, पुन्हा डावं. ते बारके टायर माती धरून चालत होते. मला गाडी चालवायला येत नाही, हे त्या गाडीला कुणी सांगितलंच नव्हतं. आण्णानं तिला अशी शिकवून ठेवली होती, की वर कुणीही बसावं. एक कोन हलला नाही. लोक ओरडायला लागले. शेवटचा पट्टा आला. तिथं आण्णा काय करायचा? खिडकीतून एक हात वर करायचा.

मी हात वर केला.

आण्णा हात वर करायचा तो रेघ ओलांडल्यावर. मी आधी केला. शेवटचा कोन पडला.

सिद्धाप्पा पावणे जवळ आले. माणूस वाईट नाही, आवाज खाली होता. "पडला की गं शिवलीला."

"व्हय दादा, पडला."

"मग चावी दे."

वहिनी गाडीमागं गेली, जॅक लावला आणि बफर परत बसवायला लागली.

"आता तो कशाला घालतीस? मी काढूनच टाकीन."

"भावजींना घरी न्यायचं हाय न्हवं?" वहिनी हात पुसत उठली. "दादा, तुमची काजूची पोती कुठल्या बी गाडीत मावतील. आमच्या ह्या दोन पोत्यांच्या मापाची गाडी कोल्हापुरात एकच हाय. मोडायची न्हाय ती."

"अगं, पण ठरलं हुतं—"

"मीच ठरवलतं. मीच मोडते."

तिनं स्टिअरिंग धरलं. अव्वा मागं उजवीकडं बसली. पुढची सीट मोकळी होती, पण माझे पाय सवयीनं मागं डावीकडं गेले. मी बसलो, दार लावलं. सिद्धाप्पा पावणे लांब जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटून बघायला लागले.

"आयला," ते ओरडले, "आली की लेव्हलला!"

गाडीत बसायच्या आधी मी सवयीनं भजी घेतलीच होती. पुडी मांडीवर होती. मला खायचा धीर होईना. मी ती उचलून अव्वाच्या मांडीवर ठेवली.

"अमरेश," पावणे लांबूनच म्हणाले, "जरा उजवीकडं गेली बघ!"