भिंतीवरचे डोमाजी

आमचे डोमाजी दरवर्षी जानेवारीत मरत. सोमवारी संध्याकाळी पहिल्यांदा, मग शनिवारपर्यंत रोज एकदा. सप्ताहभरात सहा वेळा. रविवारी बक्षीस समारंभ असे. त्या दिवशी ते जिवंत असत आणि खुर्च्या उचलत.

डोमाजी नट नव्हते. आमच्या ऑफिसात दफ्तरी होते, रेकॉर्ड रूम सांभाळत. मी त्याच ऑफिसात कारकून, आणि उरलेल्या वेळात नाटककार व दिग्दर्शक. माझ्या बायकोच्या मते दोन्हीकडे सारखाच निरुपयोगी.

सत्तर-ऐंशीच्या त्या दिवसांत भंडाऱ्याला धान कापून घरात आलं, की सांस्कृतिक सप्ताह भरायचा. सकाळी रांगोळ्या, दुपारी वक्तृत्व नाहीतर हार्मोनियम, आणि संध्याकाळी नाटक. रोज एका ऑफिसचं. तहसीलवाले, बँकवाले, पोस्टवाले, शाळेचे मास्तर, जवाहरनगरहून बस भरून येणारे फॅक्टरीवाले, आणि शनिवारी आम्ही. नेपथ्य सगळ्यांना मिळून एकच: एक दार, एक खिडकी, एक भिंत. सोमवारी तो वकिलाचा दिवाणखाना असे, मंगळवारी गिरणी कामगाराची खोली आणि बुधवारी जमीनदाराचा वाडा. रंग तोच, पोपटी.

त्या भिंतीवर एक फोटो लागे. तेव्हाच्या कौटुंबिक नाटकात वडील हयात असले तर कथानक पुढे सरकत नसे. त्यामुळे पडदा उघडला की वडील भिंतीवर, हार घालून तयार. अडचण अशी, की असा फोटो आणायचा कुठून? मेलेल्यांचे फोटो घरातून कोणी बाहेर काढू देईना आणि जिवंतांच्या फोटोला हार घालायला कोणी धजेना. पहिल्या वर्षी मी घरोघर हिंडलो. शेवटी माझ्याच फोटोवर वेळ आली, तेव्हा बायको म्हणाली, "जित्या मानसाच्या फोटोले हार? आग लागो तुमच्या नाटकाले!" तिला माझी काळजी आहे हे लग्नानंतर पहिल्यांदाच असं जाहीर झालं, म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूमच्या दारातून आवाज आला. "कायले भटकून राहिले, सायेब? मी आहो ना."

डोमाजींनी फोटो आणला. गांधी चौकातल्या स्टुडिओत काढलेला. अंगात स्टुडिओचाच काळा कोट, डोक्यावर टोपी, गळ्यापर्यंत बटणं, हात सरळ खाली. डोळे मात्र मोठ्ठे, चकित. आपण मेलो ही बातमी नुकतीच कळल्यासारखे.

"अपशकुन वगैरे वाटत नाही?" मी विचारलं.

"उलट आयुष्य वाढते म्हनतेत," ते म्हणाले. त्या हिशेबाने आजवर त्यांचं वय चारेकशे वर्षं तरी व्हायला पाहिजे.

फोटो गाजला. आमचा पाहून बँकवाल्यांनी मागितला, मग मास्तरांनी. दोन-तीन वर्षांत तो भिंतीचाच झाला. रोज वेगळं घर, वेगळी विधवा, वेगळी पोरकी मुलं, आणि वडील तेच. पडदा वर गेला की पब्लिक आधी भिंतीकडे पाही आणि टाळ्या वाजवी. नायकाला पहिली टाळी मिळायला त्यानंतर अर्धा तास लागे.

डोमाजी हे सगळं अत्यंत गंभीरपणे घेत. फोटो टॉवेलात गुंडाळून रोज स्वतः आणत, स्वतः टांगत. हार रोज ताजा, झेंडूचा, स्वतः ओवलेला. "शिळा हार घातला तं मानूस खरंच मेल्यावानी दिसते," असं त्यांचं मत. तालमीलाही फोटो घेऊन येत, कारण नटांची नजर बसायला हवी. आणि नाटक झालं की समीक्षा. ती कथानकावर कधी नसे.

"बँकवाल्यांनी दोन्ही अंक मले पाठ दाखवली."

"मास्तराची सून चांगली होती. उदबत्ती लावली, पन माचिस तीन डाव विझली. घरात कधी लावत नसन."

"तहसीलवाल्यांची पोरगी रडली, पन माझ्याकडे पाहून नाही रडली. पब्लिककडे पाहून रडली."

एकदा आमचं नाटक विनोदी होतं. मी म्हटलं, डोमाजी, यंदा फोटो नको, लोक हसायला येणार. त्यांनी फार विचार केला. "काहून?" ते म्हणाले. "हासऱ्या घरात कोनी मरत नाही काय?" फोटो लागला. त्या नाटकात लोक हसले ते फक्त त्याच्याकडे पाहून.

मी एकदा सुचवलं होतं, की आता एखादी छोटी भूमिका करा. पोस्टमन वगैरे. त्यांनी कानाला हात लावला. "आपलं काम बोलाचं नाही, सायेब. पाहाचं."

माझी मुलगी निमी आठ वर्षांची असल्यापासून माझ्या नाटकात काम करी. दुसऱ्या कोणाची मुलगी मिळत नसे म्हणून. ती दरवर्षी कोणाची तरी पोरकी पोर असे, आणि दरवर्षी तिला त्या फोटोसमोर उभं राहून "बाबा..." असं काहीतरी म्हणायचं असे. मी खराखुरा बाप उजव्या विंगेत वही धरून उभा, आणि ती भरल्या डोळ्यांनी डोमाजींना बाबा म्हणते आहे, हे दृश्य मी पाच वर्षं पाहिलं. मला ती घरी "अहो पप्पा, चिल्लर द्या" एवढंच म्हणे.

मग मी नागपूरला जाऊन एक प्रायोगिक नाटक पाहून आलो.

त्या नाटकात भिंत नव्हती, दार नव्हतं, मागे नुसता काळा पडदा आणि पुढे एक स्टूल. मला अर्धं कळलं नाही, म्हणजे ते थोर असणार. भंडाऱ्याला परतलो तो पेटूनच. सप्ताहाच्या समितीत ठराव मांडला, की यंदा सर्व नाटकं काळ्या पडद्यापुढे व्हावीत. ठराव लगेच पास झाला, कारण भिंत रंगवण्याचा खर्च वाचत होता.

डोमाजींना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"भिंतच नाही यंदा, डोमाजी."

"भिंत नाही? मंग लोक राहातेत कुठी?"

"ते प्रतीकात्मक आहे."

"हाव," ते म्हणाले. थोडा वेळ फायलीवरची धूळ झटकली. "मंग मी कुठी?"

"वडील अदृश्य आहेत. लोकांनी समजून घ्यायचं."

"म्हन्जे सायही नाटकांत?"

"साही."

त्यांनी झटकलेलीच फाईल पुन्हा झटकली. मला वाटलं, हौसेचा माणूस, आठवडाभर रुसेल. मी त्यांचा सगळा मामला हौसेचाच समजत होतो.

ते तालमीला मात्र आले. टॉवेलात गुंडाळलेला फोटोही आणला. "असू द्या. कधी भिंत लागली तं." डाव्या बाजूला खुर्ची टाकून मांडीवर गाठोडं घेऊन बसत. निमी वाक्य म्हणताना सवयीने तिकडेच बघे. माझ्या लक्षात आलं नाही. मी प्रतीकांत बुडालेला होतो.

सप्ताह सुरू झाला. पोपटी भिंत चिवड्याच्या स्टॉलला आडोसा म्हणून लावली होती. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत डोमाजी एकदाही मेले नाहीत. सतरंज्या अंथरत, पाण्याचे ग्लास भरत. पडदा वर गेला की लोक काळ्या अंधाराकडे बघत आणि एकमेकांना विचारत, "डोमाजी कुठी गेले, भौ? बिमार आहेत का?"

शनिवारी आमचं नाटक. शेवटच्या प्रवेशात मुलगी घर सोडून शिकायला जाते. स्टुलाजवळ उभी राहून अदृश्य वडिलांना म्हणते, "बाबा, मी जाते. दार लावून घ्या." मग अर्धा मिनिट शांतता आणि पडदा. ही शांतता माझी खास होती. नागपूरहून आणलेली.

निमी स्टुलाजवळ आली. "बाबा..." म्हणाली आणि थांबली. समोर काळा पडदा. तिने उजवीकडे पाहिलं. तिथे मी होतो. तिला काहीच आठवेना, आणि मी इतका घाबरलो, की माझ्या हातातल्या वहीची भलतीच पानं उघडली. वाक्य मीच लिहिलेलं, पण मलाही आठवेना. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

तिने डावीकडे पाहिलं.

डाव्या विंगेत डोमाजी उभे होते. त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावली. टोपी सरळ केली. हात खाली सोडले, हनुवटी वर घेतली, डोळे मोठ्ठे केले. आणि तसेच राहिले. पापणीसुद्धा हलवली नाही. हुबेहूब फोटो. फक्त हार तेवढा नव्हता.

निमीचा चेहरा सैल झाला. "बाबा," ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "मी जाते. दार लावून घ्या."

माझी शांतता सुरू झाली. आणि तिच्या मधोमध, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला.

"हाव माय. जाय. सांभाळून जाय."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. रविवारी नागपूरहून आलेले परीक्षक भाषणात म्हणाले, की अदृश्य पित्याला ऐन शेवटी वाचा देण्याचं धाडस फक्त प्रतिभावान दिग्दर्शकच करू शकतो. मी स्टेजवर जाऊन ढाल घेतली आणि नम्रपणे मान लववली. माझ्या आयुष्यातलं दिग्दर्शनाचं ते एकमेव बक्षीस.

डोमाजी खुर्च्या उचलत होते. मला पाहून वरमले. "चुकलं, सायेब. आपलं काम बोलाचं नाही. पन तिनं बाबा म्हनलं आन् तोंडातून निघून गेलं."

हे मी फारसं मनावर घेतलं नाही. ढाल जड होती.

पुढे मार्चमध्ये वर्षाचे तांदूळ आणायला मी त्यांच्याबरोबर दिघोरीला गेलो. त्यांची सासुरवाडी तिथली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगी मामाकडे वाढते, एवढं ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. एसटीतून उतरून घरी पोचलो, तर अंगणात पंधरा-सोळा वर्षांची एक पोर धान वाळवत होती. आम्हाला पाहताच ती आत ओरडली, "माय वं, पाहुणे आले!"

माझी छाती फुगली. ढालीची बातमी दिघोरीपर्यंत आली असेल, असंही मनात येऊन गेलं.

पोर पाण्याचा गडवा घेऊन आली, आणि तो डोमाजींपुढे ठेवून म्हणाली, "पाहुणे, हातपाय धुवा." मग माझ्याकडे वळून, "तुमी बी धुवा, काका."

एवढ्यात मामा शेतातून आले. ती म्हणाली, "बाबा, पाहुणे आले."

तिने वर पाहिलं तेव्हा मला ते डोळे दिसले. मोठ्ठे, चकित. पाच वर्षं मी ते भिंतीवर पाहत होतो.

परतीच्या एसटीत तांदळाचं पोतं आमच्या पायांशी होतं. मी विचारावं की नाही करत होतो, तर तेच म्हणाले, "शेवंता. माझीच होय."

"मग ती..."

"आठ दिवसांची होती, तिची माय गेली तवा. मामीनं वाढवली. त्या घरात सारेच जवायाले पाहुणे म्हनतेत. बोलाले लागली तं थे भी पाहुणेच म्हनाले लागली."

"तुम्ही कधी सांगितलं नाही तिला?"

"कसं सांगाचं, सायेब? मले बाबा म्हन, असं मांगून घ्याचं काय?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. कापणी झालेली धानाची बांधीमागून बांधी मागे जात होती. भंडारा जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या साली भिंत ठेवान काय?"

"ठेवीन."

"आन् निमीबाईचं थे वाक्य?"

"दोनदा ठेवतो," मी म्हणालो.

"दोनदा कायले? एकदा पुरे," डोमाजी म्हणाले. "फक्त माझ्याकडे पाहून म्हनाले सांगजा."