करोडगिरीचे वामनराव

आमचे शेजारी वामनराव बोटांनी कापड वाचायचे. डोळे मिटून समोरच्याची बाही चिमटीत धरायचे आणि सांगायचे, "मीलचा माल. सरहद्दीपलीकडचा." माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांच्या फेट्यालाच हात घातला. सासरे अजून विचारतात, "ते फेटा धरणारे गृहस्थ कोण हो?"

निजामाच्या राज्याची जकात वेगळी होती. तिला करोडगिरी म्हणत. वामनरावांनी सरहद्दीच्या नाक्यावर तीस वर्षं जकात घेतली. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी ती उठली, नाका बंद झाला आणि वामनराव पेन्शनीत निघाले.

औरंगाबादेत मुंबईकडचा माल स्वस्त झाला. माझी बायको एका लुगड्याच्या भावात दोन घेऊन आली. पण पलीकडच्या घरात करीमचाचांचा हिमरूचा, म्हणजे रेशीम-सुताच्या नक्षीदार शालींचा, हातमाग थंडावला. तशीच दिसणारी मीलची शाल बाजारात निम्म्या भावात मिळू लागली होती.

एका सकाळी चाचा माग मोडून लाकूड विकायला निघाले. वामनराव धोतर सावरत धावले.

"हात लावू नका मागाला."

"क्या करूं वामनराव? लोगां मीलकाच लेते अब."

"जकात येणाऱ्या मालावर होती, तशी जाणाऱ्यावर बी होती, चाचा. पलीकडचे व्यापारी नाक्यावर तुमची शाल हातात घ्यायचे, किंमत ऐकून खाली ठेवायचे. ती महाग कोणी केली? मीच की. आता रस्ता दोन्हीकडनं मोकळा झालाय. द्या बारा शाली."

चाचांनी दिल्या. वामनराव गाठोडं घेऊन मनमाडच्या गाडीत बसले.

आठ दिवस पत्ता नाही. चाचा रोज माझ्याकडं येऊन विचारत, "आये क्या?" मी रोज नकाराची मान हलवी. शालींपेक्षा त्यांना म्हाताऱ्याची काळजी लागली होती.

नवव्या दिवशी गल्लीत टांगा शिरला. पुढं वामनराव, टोपी तिरपी, हात रिकामे.

"बाराच्या बारा गेल्या," ते टांग्यातूनच म्हणाले. "नाशकात दोन दुकानदार अजून मागतायत. दिवाळीपर्यंत तुमचा एक माग पुरायचा नाय, चाचा. भावाचा बी चालू करा."

चाचांनी त्यांना टांग्यातून अक्षरशः उचलून उतरवलं. साऱ्या गल्लीत शिरखुर्मा वाटला गेला. पुढं चाचांकडं तीन माग चालले. गल्लीतले जाडंभरडं कापड विणणारे दोघे मात्र धंदा सोडून रस्त्याच्या कामावर गेले. त्यांच्यासाठी वामनरावही काही करू शकले नाहीत आणि हे ते कबूल करत.

टांगा आला त्या दिवशीच्या गडबडीत त्यातून आणखी कोणी उतरलं, हे मला उशिरा दिसलं. तिशीची बाई होती, कडेवर लेकरू.

"मी सुशीला. यांची मुलगी," ती म्हणाली. "सरहद्दीपलीकडं, येवल्याला दिलीय मला."

वामनरावांना मुलगी आहे, हे गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा नाक्यावर बापानं सगळ्यांदेखत तिची ट्रंक उघडली होती आणि नव्या साडीवर जकात लावली होती. नवऱ्याला अपमान वाटला. पुन्हा त्यानं तिला पाठवलं नाही.

"नाशकाहून येताना दारात येऊन उभे राहिले," सुशीला म्हणाली. "जावयाचे पाय धरायला वाकले. म्हणाले, नाका उठला, आता पोरीला पाठवा."

मी वामनरावांकडं पाहिलं. ते आमच्याकडं पाठ करून टांगेवाल्याला त्याच्या घोड्याचं वय विचारत होते. टांगेवाल्यानं दोनदा सांगितलं, तरी ते पुन्हा विचारत राहिले.